वग कुणी कापला?

गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, आत गादी, गादीवर मॅनेजर आणि त्याच्यापुढे तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन, म्हणजे खेळ ठरवून जातात. काही वर्षांपूर्वी मी तिथल्या एका राहुटीत दोन दिवस कोपऱ्यात बसून होतो, कमिट्या काय विचारतात ते ऐकत. नाचणाऱ्या मुली किती आहेत? नवी गाणी कोणती बसवलीत? लाइटचा खर्च कुणाकडे? सकाळच्या हजेरीच्या खेळाला थांबणार का? दोन दिवसांत वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाटकाचं, नाव एकदाच निघालं. एका कमिटीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "यंदा वग कंचा लावलाय?" त्याच्याबरोबरची पोरं म्हणाली, "आबा, वगाला थांबतंय कोण?" आबा गप्प बसले.

माझ्या शेजारी फडातला सोंगाड्या बसला होता. साठीचा असावा. कमिटी गेल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वग हायेत, दादा. नऊ वग तोंडपाठ हायेत. पन पुरा वग लावून चार सालं झाली."

ते वाक्य घेऊन मी पुण्याला परतलो आणि तेव्हापासून माझ्या मनातली एक जुनी, सोयीची समजूत ढासळत गेली. ती समजूत अशी की कलावंत दोन प्रकारचे असतात, कलेशी इमान राखणारे आणि पोटासाठी कला वाकवणारे. या समजुतीवर आपण निवाडे देतो, पुरस्कार देतो, परिसंवाद भरवतो. "तमाशा बिघडला" हे वाक्य अशा परिसंवादांत मी तीस वर्षं ऐकत आलो, आणि एकदा व्यासपीठावरून स्वतःही बोललो. आज मला ते वाक्य खोटं वाटतं.

मी स्वतः पंचवीस वर्षं बँकेत नोकरी केली. संध्याकाळी साडेसहाला टेबल आवरायचं, सायकलीवर टांग मारायची आणि नाटकाच्या तालमीला पोचायचं. आमच्या संस्थेनं बसवलेल्या नाटकांपैकी बहुतेकांचे दहाबारा प्रयोग झाले, काहींचे तीनच. एका प्रयोगाला अकरा प्रेक्षक होते, आणि तरी आम्ही नाटकातली एक ओळही बदलली नाही. याचा आम्हाला फार अभिमान होता. प्रेक्षकाला काय हवं ते आम्ही विचारत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. तो अभिमान खोटा नव्हता, कारण मेहनत खरी होती. पण एक गोष्ट आम्ही कधी मोठ्यानं बोललो नाही. दर महिन्याच्या एक तारखेला आमचा पगार होत होता. अकरा प्रेक्षक आले म्हणून आमच्यापैकी कुणाच्या घरची चूल विझली नाही.

मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास या अंगानं वाचून पाहावा. १९६० साली 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू झाली, १९७१ मध्ये तिच्यातूनच 'आविष्कार' ही दुसरी संस्था निघाली, पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात एक अख्खी चळवळ उभी राहिली. तिथे काम करणाऱ्यांत बँकांतले, विमा कंपनीतले, शाळा-कॉलेजांतले, सरकारी कचेऱ्यांतले लोक भरपूर होते. पुण्याकडे पाहा. 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं, गदारोळ झाला आणि ते बसवणाऱ्या मूळ संस्थेनं प्रयोग थांबवले. तेव्हा नाटकाचा संच संस्थेतून बाहेर पडला आणि १९७३ मध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' काढली. नाटक सोडायचं नाही, संस्था सोडायची, हा निर्णय मराठी रंगभूमीवरच्या निष्ठेचं एक ठळक उदाहरण आहे आणि मला आजही त्याबद्दल आदर आहे. पण हे लोक कोण होते? दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. नाना फडणवीस उभे करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकलेले, पुढे कितीतरी वर्षं बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी केलेले. संस्था सोडताना त्यांना धैर्य लागलं असेल, पण घरचं धान्य पणाला लावावं लागलं नाही.

आणि ज्या रूपानं ते नाटक गाजलं, १९८० साली युरोपात जाऊन आलं, ते रूप आलं कुठून? खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी, तमाशा. म्हणजे ज्यांच्या हाती दुसरी मिळकत होती त्यांनी, ज्यांच्या हाती ती नव्हती अशांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टातून घडलेलं रूप घेतलं आणि ते अतिशय ताकदीनं वापरलं. यात चोरी नाही. कला अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मात्र त्याच वर्षांत मूळ फडांवर गाण्यांचा रेटा वाढत होता आणि वग आखडत होता. एकीकडे लोककलेचं पुनरुज्जीवन झाल्याचे लेख छापून येत होते, दुसरीकडे तीच लोककला जगवणारा माणूस हंगामाची उचल फेडत होता.

ही उचल समजून घेतल्याशिवाय तमाशाबद्दल बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठा ढोलकी फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसं: नाचणाऱ्या, गायिका, सोंगाडे, ढोलकीवाले, हलगीवाले, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारी पोरं. हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो. आधी कनात लावून तिकिटावर खेळ, मग चैत्र-वैशाखात यात्रांच्या सुपाऱ्या. पाऊस आला की सगळं बंद. पावसाळ्यात कलावंत शेतमजुरीला जातो, नाहीतर घरी बसतो आणि उसनवारी करतो. म्हणून पुढच्या हंगामासाठी फडाशी बांधला जाताना तो आगाऊ रक्कम घेतो. ती उचल. ती फिटेपर्यंत तो त्या फडाचा. ही उचल द्यायला फडमालकाजवळ तरी पैसा कुठला? तो सावकाराकडून घेतो, आणि त्याचं व्याज पहिल्या खेळाची घंटा वाजायच्या आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे संध्याकाळी कनात उभी राहते तेव्हा स्टेजवरचं प्रत्येक माणूस, मालकासकट, कर्जात उभं असतं.

आता या माणसांना प्रेक्षकांतून चिठ्ठी येते की वग बंद करा, अमुक सिनेमाचं गाणं लावा. ते काय करतील? गाणं लावलं नाही तर उद्या दुसऱ्या गावी बातमी पोचते की या फडात मजा नाही. त्या गावची सुपारी गेली की उचलीचा हप्ता चुकतो. मी अकरा प्रेक्षकांपुढे एक ओळ बदलली नाही ती बँकेच्या पगाराच्या जोरावर. त्या सोंगाड्याला असा जोर कुणी दिला असता तर त्यानं नऊच्या नऊ वग लावले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कलेवरचं प्रेम आमच्यापेक्षा त्याचं कमी होतं, असं म्हणायला कसलाही आधार नाही. उलट, चार वर्षं न लावलेला वग डोक्यात जिवंत ठेवणं हे आमच्या दहाबारा प्रयोगांपेक्षा अवघड काम आहे.

वग कापला जाण्याला आणखी एक कारण आहे आणि ते कलावंताच्या हातातलं मुळीच नाही. तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग असा. वग रात्र चढल्यावर रंगायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला आणि परीक्षेला बसलेल्या मुलाला झोप हवीच. वर्षातल्या काही मोजक्या दिवशी सवलत देता येते, तीही बहुतेक ठिकाणी मोठ्या सणांत संपून जाते. पण या नियमाचा परिणाम मांडताना कुणी तमाशाचा विचार केला का? खेळ सुरू व्हायला नऊ वाजतात. दहाला पोलीस येतात. मधल्या तासात गण-गौळण आणि चार गाणी होतात. कापायचं ते काय, तर शेवटचं. आणि शेवटचं म्हणजे वग, म्हणजे तमाशातलं नाटक.

निष्ठेच्या गोष्टी मी फक्त रंगभूमीवरून सांगतोय असं वाटू नये, म्हणून एका कवीकडे वळतो. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली आला. पुढचा मराठी संग्रह २००३ मध्ये. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं ते लिहीत होते, पण पुस्तक काढण्याची घाई त्यांनी केली नाही. कविता पिकू द्यायची ही त्यांची सवय आपण कौतुकानं सांगतो, आणि ते कौतुक रास्तच आहे. पण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले अव्वल दर्जाचे आर्ट डायरेक्टर होते. उत्पादन खपवण्याचं काम त्यांनी हातानं केलं आणि कवितेला खपण्याच्या कामातून मोकळं ठेवलं. यात कमीपणा कसला? मला तर हा फार शहाणा हिशेब वाटतो. कवितेनं पोट भरायचं नाही म्हणजे कवितेला कुणाचं ऐकायचं नाही. फक्त हा हिशेब ज्याला जे. जे. स्कूलसारखं शिक्षण आणि मुंबईसारखं शहर मिळतं त्यालाच मांडता येतो. वगनाट्याच्या सोंगाड्याला सकाळी जाहिरातीच्या ऑफिसात कोण बसवणार?

आता ज्यांनी कलेलाच चूल मानलं त्यांच्याकडे पाहू. पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. वतनदार ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला हा माणूस तमाशासाठी जात, घर, मान सगळं सोडून आला. पवळा या नर्तकीबरोबर त्यांच्या फडानं महाराष्ट्र वेडा केला. १९४५ साली पुण्यात ते गेले तेव्हा हाती काही नव्हतं. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटात उतरले, पण समोर रसिक नाहीत अशा ठिकाणी त्यांचा जीव रमला नाही, आणि करार अर्ध्यावर टाकून ते पुन्हा रंगभूमीवर आले. बोलपटांनी नाट्यगृहं ओस पाडली होती त्या काळात ही किती महागडी निष्ठा होती! त्यांची अखेरची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. पद्मभूषण १९६४ साली मिळालं, त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले.

आणि विठाबाई. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. भर खेळात पोटात कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ती आपण कलानिष्ठेची परमावधी म्हणून सांगतो. मला ती आता तशी ऐकवत नाही. एका ओल्या बाळंतिणीला खेळ थांबवायची मुभा नव्हती, हा त्या गोष्टीचा अर्थ आहे. कनातीत तिकीट काढून लोक बसले होते आणि खेळ थांबला असता तर गोंधळ झाला असता. ज्या बाईला बाळंतपणाची रजा मिळाली असती तिच्याबद्दल अशी गोष्ट तयारच झाली नसती, आणि ते किती बरं झालं असतं. २००२ साली विठाबाई गेल्या त्या पैशाच्या विवंचनेत. दवाखान्याचं बिल मदतीतून भागवावं लागलं. पुढे २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देऊ लागलं.

तमाशातले बहुसंख्य कलावंत दलित आणि भटक्या-विमुक्त जातींतले. प्रायोगिक रंगभूमीवरचे आम्ही बहुतेक शहरी, पांढरपेशे, शिक्षणाच्या वाटा आधीपासून मोकळ्या असलेले. तेव्हा कलेशी इमान आणि पोटासाठी तडजोड ही जी विभागणी आपण स्वभावाची म्हणून सांगतो, ती पुष्कळ अंशी जातीची आणि पगाराची आहे. "हौशी" हा शब्द आपल्याकडे मानाचा आहे. राज्य नाट्यस्पर्धा हौशींची, बक्षिसं हौशींना. जो नाचून पोट भरतो त्याला मात्र आपण नाच्या म्हणतो.

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, भुकेतूनच मोठी कला जन्मते. हे बोलणारे बहुधा जेवून आलेले असतात, असं म्हणून मी सोडून देत नाही, कारण काही चांगले लोकही हे मानतात. त्यांना मी एवढंच विचारतो की भुकेनं जी कला मारली तिची नोंद कुठे आहे? आपल्याला पठ्ठे बापूराव दिसतात, कारण ते उरले. एका पावसाळ्यात ढोलकी विकून ऊसतोडीला गेलेला आणि परत न आलेला ढोलकीवाला कुठल्या ग्रंथात सापडणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पगार मिळाला की कला सकस होते असं थोडंच आहे? पगारदारांनी कितीतरी निर्जीव नाटकं केली आहेत. हे मला मान्यच आहे. त्यातली काही मी स्वतः पाहिली आहेत आणि एकदोन केलीही आहेत. पगारानं प्रतिभा येत नाही. पगारानं नकार देता येतो, एवढंच. "हे गाणं मी लावणार नाही" असं म्हणून दुसऱ्या दिवशी जेवता येणं, ही निष्ठेची पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या ज्याच्या त्यानं चढायच्या.

मग करायचं काय? सरकार काहीच करत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. वृद्ध साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाची योजना आपल्याकडे १९५० च्या दशकापासून आहे आणि २०२४ मध्ये ते मानधन सरसकट महिना ५,००० रुपये झालं. ही रक्कम मोलाची आहे. पण ती पन्नाशीनंतर मिळते, म्हणजे गळा गेल्यावर आणि गुडघे दुखायला लागल्यावर. वग लावायचा की कापायचा हा प्रश्न तिशीत पडतो. त्या वेळी कलावंताच्या पाठीशी कुणी नसतं.

फ्रान्समध्ये रंगकर्मींसाठी बेकारभत्त्याची वेगळी व्यवस्था आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याचं दाखवलं की रिकाम्या महिन्यांत भत्ता मिळतो. आयर्लंडनं २०२२ साली २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायचा प्रयोग केला. ही उदाहरणं दिली की लोक म्हणतात, ते श्रीमंत देश. म्हणून मी महाराष्ट्राचंच उदाहरण देतो. १९६९ साली या राज्यानं हमालांसाठी माथाडी कायदा केला. त्याआधी हमालाला कुणी एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. मालक नाही म्हणून रजा नाही, फंड नाही, म्हातारपणाची सोय नाही. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी संघटना लढली आणि त्यातून मंडळाची कल्पना उभी राहिली. हमालाची नोंदणी मंडळात, व्यापाऱ्याचीही मंडळात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक वर्गणी, मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी चालवतं. मालक रोज बदलला तरी कामगाराचं आयुष्य तुटत नाही. या मंडळांत दोष शिरलेत, दादागिरीच्या तक्रारी आहेत, हे मी जाणतो. तरीही मालक एक नसला म्हणून कामगार उघडा पडता कामा नये, हे तत्त्व या राज्यानं सगळ्यांच्या आधी कायद्यात लिहिलं.

तमाशा कलावंताची अडचण अक्षरशः हीच आहे. आज या गावची सुपारी, उद्या त्या गावची. मग सुपारी मंडळामार्फत का होऊ नये? यात्रा कमिटीनं सुपारीच्या रकमेवर ठरावीक लेव्ही भरायची. ज्या गावात यात्रेला डीजेवर, फटाक्यांवर आणि पुढाऱ्यांच्या फलकांवर खर्च होतो तिथे ही रक्कम जड नाही. तिकिटाच्या खेळावर शासनानं भर घालायची. त्या निधीतून आषाढ ते भाद्रपद प्रत्येक नोंदलेल्या कलावंताला महिन्याचे पैसे, म्हणजे उचल घ्यायची वेळच येणार नाही. बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा. फडमालकाला हंगामाच्या सुरुवातीला सावकाराऐवजी मंडळाकडून कमी व्याजाचं कर्ज. आणि ध्वनिक्षेपकाच्या सवलतीचे जे मोजके दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्यांतले दोनतीन त्या त्या भागातल्या यात्रांसाठी राखून ठेवायचे, अट एकच की त्या रात्री पुरा वग झाला पाहिजे. फडमालकांचा याला विरोध होईल हे मला ठाऊक आहे, कारण उचलीनं माणूस बांधून ठेवता येतो. पण मी ज्या मालकांशी बोललो त्यांतले निम्मे तरी सावकाराच्या व्याजानं इतके पिचलेले होते की ते ऐकायला तयार होतील.

नारायणगावहून निघताना त्या सोंगाड्यानं मला एक वग थोडा म्हणून दाखवला. राहुटीच्या मागे, ट्रकच्या सावलीत. प्रधान आणि हवालदार दोन्ही तोच. मध्येच थांबून म्हणाला, इथं ढोलकी पडते, आणि तोंडानं ढोलकी वाजवून पुढे गेला. वीसेक मिनिटं झाली असतील. फडाची तंबू ठोकणारी तीनचार पोरं जेवण टाकून येऊन उभी राहिली होती, तोंड उघडं ठेवून. त्यांनी तो वग पहिल्यांदा ऐकला होता. मग मॅनेजरनं हाक मारली, दुसरी कमिटी आली होती, आणि तो आत गेला.